अकरा एकांची शपथ

मी एक संख्या बोलतेय. दचकू नका. दचकायचं काम माझं आहे आणि ते मी जन्मभर मन लावून केलंय.

एका ओळीत अकरा वेळा एक लिहा. १११११११११११. झाले की मी! पूर्ण नाव घ्यायचं असेल तर आधी श्वास भरून घ्या: अकरा अब्ज अकरा कोटी अकरा लाख अकरा हजार एकशे अकरा. एवढं लांबलचक नाव कोण घेतो? नाशिकमध्ये सगळे मला नुसतं 'अकरा एक' म्हणायचे.

आत्मवृत्त सांगणारे आधी आपला जन्म सांगतात. खुर्चीला सुतार असतो, छत्रीला कारखाना असतो. माझं तसं काही नाही. मला कोणी घडवलेलं नाही. गोदावरी वाहायला लागली त्याच्याही आधीपासून मी आहे आणि उद्या जगातले सगळे खडू संपले तरी असणारच. पण नुसतं असून काय उपयोग? कोणी लिहिलं, वाचलं, तर त्या असण्याला काही चव.

आमचं घराणं एकांचं. दोन एकांची धाकटी, म्हणजे अकरा, भलतीच लाडकी; आहेराच्या पाकिटावर मिरवते. तीन एकांचीला तीननं भाग जातो, चार एकांचीला अकरानं. नऊ एकांची बहीण तर फार नखरेल. तिला तिनंच गुणलं की एक, दोन, तीन करत आकडे नऊपर्यंत चढतात आणि तसेच पायरीपायरीनं एकपर्यंत उतरतात. मी स्वतःला गुणून पाहिलं तर मधेच हातच्यांची अशी गर्दी झाली की सगळा जिना कोसळला. तेव्हा रूपाचा गर्व करायला मला जागा नव्हती.

आणि मला कशानं भाग जातो, हे तर मलाच ठाऊक नव्हतं. हसू नका. तुमच्या पाठीवर तीळ आहे की नाही, हे दुसऱ्यानं सांगितल्याशिवाय तुम्हाला तरी कळतं का?

माझी खरी कहाणी सुरू झाली ती १९९४ साली, मखमलाबादच्या बाजूला, गोरक्ष नावाच्या फुलं पिकवणाऱ्या शेतकऱ्याच्या घरात. शेवंती आणि झेंडू लावायचा. बायको नवसाबाई घरी बसून माळा ओवायची आणि गोरक्ष त्या पहाटे फुलबाजारात न्यायचा. त्यांची एकुलती एक मुलगी शुभांगी. गणित घेऊन बी.एस्सी. झालेली, त्या आळीतली पहिलीच.

तर त्या दिवशी शुभांगीला बघायला पाहुणे आले होते. मला अशा ठिकाणी कोणी कधी नेईल, असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. समोर देव्हारा, खाली सतरंजी, हातात पोह्यांच्या बशा. मुलगी मान खाली घालून पाटावर बसलेली. नाव काय, शिक्षण किती, स्वयंपाक येतो का, असं चाललेलं. मुलाचे मामा, वाळू गुरुजी, हे निवृत्त मुख्याध्यापक. त्यांनी चष्मा सारखा केला आणि विचारलं,

"मुली, गणितात बी.एस्सी. झालीस म्हणे. मग सांग बरं, अकरा वेळा एक लिहिला, तर त्या संख्येला कशानं भाग जातो?"

मी? इथे? पोह्यांत? मला काही सुधरेना.

शुभांगीनं थोडा विचार केला. "गुरुजी, दोननं, तीननं, पाचनं, सातनं तर जात नाही."

"अगं, ते कोण विचारतंय? अकरा एक आहेत, म्हणजे अकरानं जातो. सोपं आहे. शाळेतलं पोरगंही सांगेल."

"अकरानं नाही जात, गुरुजी. एक बाकी राहते."

बशीतले चमचे थांबले. शुभांगीची आत्या कुसाबाई, जिनं हे स्थळ आणलं होतं, ती मागून कुजबुजली, "आगं, हो म्हन. तुझं काय जातंय?"

पण शुभांगीनं मान वर केली. "एक सोडून एक अंक मिळवायचे. एकीकडे सहा येतात, दुसरीकडे पाच. फरक एकाचा. फरक शून्य असता किंवा त्याला अकरानं भाग गेला असता, तरच संख्येला गेला असता."

"माझी हयात गेली गणित शिकवण्यात," गुरुजी म्हणाले आणि त्यांनी बशी खाली ठेवली.

आता मला सांगा, त्या खोलीत प्रत्येक पुरुषाच्या खिशाला पेन होतं. कागदही होता, ताज्या वर्तमानपत्राचा. एकालाही वाटलं नाही की काढावं पेन आणि मांडावा भागाकार. मी तिथे समोर उभी होते! मला विचारलं असतं तर दोन मिनिटांत निकाल लागला असता. पण सगळे माझ्याकडे नाही, मुलीच्या वर केलेल्या मानेकडे बघत होते. त्यांच्यातलं कोणीतरी म्हणालं, "बघायला आल्यावर ही तऱ्हा, मग सासरी काय करेल?" आणि सगळे हसले. गोरक्षही कसनुसं हसला. ते हसणं मला फार लागलं.

शुभांगी उठून उभी राहिली. तिचे कान लाल झाले होते.

"अकरानंच काय, या संख्येला कशानंच भाग जात नाही. एकानं जाईल आणि तिचा तिनं जाईल, बस. वणीच्या देवीची शपथ घेऊन सांगते. जो कोणी हिला भागणारी तिसरी संख्या दाखवील, तो म्हणेल तिथे मी लग्नाला उभी राहीन. तोवर नाही."

नवसाबाईच्या हातातला तांब्या खाली पडला. पाहुणे उठले ते चहासुद्धा न घेता.

गणितात अशा संख्येला अविभाज्य म्हणतात. तेरा फुलं घ्या आणि सारख्या माळा करायला बसा. दोन करा, तीन करा, चार करा, एखादं फूल उरतंच. नाहीतर तेरांची एकच माळ करा. बारा फुलांच्या मात्र दोन, तीन, चार, सहा अशा सारख्या माळा होतात. तसं शुभांगीनं मला भर सभेत तेरांच्या पंगतीला बसवलं. मला! माझी छाती फुगली. पण खरं सांगायचं तर मला खात्री नव्हती. आणि पुढे कळलं की तिलाही नव्हती. लहान लहान संख्या तिनं मनात तपासल्या होत्या, एवढंच. बाकीचं सगळं ती रागाच्या भरात बोलली होती.

वणीच्या देवीची शपथ म्हणजे त्या घरात थट्टा नव्हती. दर वर्षी गडावर जाणारी माणसं ती. नवसाबाई रडून रडून दमली. "आकड्यापायी कोणी देवीला मधी घालतं का गं?" पण शपथ मोडायला तीही सांगेना. आणि कुसाबाईनं तर ती जाईल तिथे सांगत सुटायचं व्रतच घेतलं.

मग काय विचारता! फुलबाजारात गोरक्षनं पाटी उतरवली की लोक विचारायचे, "काय गोरक्षभाऊ, गेला का भाग?" गुलाब विकणारे, हार करणारे, टेम्पोवाले, सगळे मला भागायला लागले. ज्यांना आयुष्यात कोणी गणित विचारलं नव्हतं ते सतरानं भागायचे, एकोणीसनं भागायचे, आणि बाकी उरली की मलाच शिव्या द्यायचे. लग्नाची मुलंही येऊ लागली. मुलगी दिसायला चांगली, शिकलेली, आणि शेतीवाल्याची एकुलती एक. एक संख्या सापडली की काम झालं. त्यातला एक खिशातून कॅल्क्युलेटर काढून ऐटीत बसला. एक, एक, एक असं दाबत गेला. आठ एक झाले आणि यंत्र थांबलं. पुढचे तीन दाबले तरी ढिम्म. त्यानं यंत्र हलवलं, उलटं केलं, सेल काढून पुसला. त्याला कळेचना की त्या पडद्यावर आठच घरं होती आणि मी अकरा जणींचं बिऱ्हाड घेऊन दाराशी उभी होते. "तुमची संख्याच खराब आहे," असं म्हणून तो निघून गेला. माझी संख्याच खराब! ऐकलंत?

त्यापेक्षा मोठा धक्का मला नवसाबाईनं दिला. ती शाळेत गेली नव्हती. एक माळ झाली की भिंतीवर खडूनं एक उभी रेघ, अशी तिची मोजणी. शुभांगीनं एकदा त्याच भिंतीवर मला लिहिलं आणि ती आत गेली. नवसाबाई आली, थबकली, आणि हाक मारून म्हणाली, "शुभा, ह्या अकरा माळा कोनाच्या ऱ्हायल्या गं?" अकरा अब्जांची मी, आणि ती मला अकरा माळांत मोजून मोकळी झाली! बोळा फिरवून तिनं मला पुसलंही.

शुभांगी मात्र मला सोडत नव्हती. बी.एड. केलं, नाशिक रोडच्या एका शाळेत नोकरी लागली, रोज शहर बसनं जायची यायची. बसमध्ये, मधल्या सुट्टीत, माळा ओवून झाल्यावर, मिळेल त्या कागदावर ती मला भागत बसायची. तेवीसनं, एकोणतीसनं, एकतीसनं. एकेक अविभाज्य संख्या पुढे यायची, माझ्या अंगावर चालून जायची आणि काहीतरी बाकी ठेवून मागे फिरायची. शंभर ओलांडले, हजार ओलांडले. दर वेळी मी डोळे मिटून घ्यायचे आणि बाकी उरली की सुटकेचा श्वास टाकायचे. मला वाटायचं, तीही तसाच टाकत असेल. शुभांगी आणि मी, आम्ही दोघी एका बाजूला आणि सगळं जग दुसऱ्या बाजूला, अशी माझी समजूत होती.

अशीच वर्षं गेली. १९९९ साली कुसाबाई एका नव्या मुलाला घेऊन आली. कुंदन त्याचं नाव. मूळचा निफाडकडचा, पुण्यात संगणकाच्या कंपनीत कामाला. नीटनेटका, बोलायला गोड. त्यानं पोहे खाल्ले, कौतुक केलं, आणि हसत हसत आपलं सांगून टाकलं.

"शाळेचं काम काही पुण्यात जमणार नाही हं. आईला घरात माणूस हवंय. पैशाला कमी नाही, मग नोकरीची गरज काय? आणि ती तुमची संख्या द्या मला. संगणक म्हणजे काय, क्षणात सांगेल. पुढच्या रविवारी उत्तर घेऊनच येतो."

त्यानं आपल्या कार्डाच्या मागे मला लिहिलं. सुबक अक्षर होतं. कार्ड खिशात ठेवताना त्यानं त्यावर दोनदा थोपटलं. त्या थोपटण्यानं मला कापरंच भरलं. इतकी वर्षं लोक मला पेन्सिलीनं टोचत होते. आता यंत्र येणार होतं. आणि शुभांगीनं कधीही 'बघ बाई, तू टिकशील ना' असं मला विचारलं नव्हतं.

पाहुणे गेल्यावर शुभांगी आईला म्हणाली, "आई, यानं भाग दाखवला तर मला जावं लागेल. शाळा सुटेल."

"शपथ तूच घेतली," नवसाबाई म्हणाली. मग थोड्या वेळानं म्हणाली, "नाय दाखवणार तो."

पण त्या आठवड्यात शुभांगीला अन्न गोड लागेना. पहिल्यांदाच तिला वाटायला लागलं की आपली चूक झाली असेल तर? आणि चूक निघणारच असेल तर ती परक्या माणसाच्या तोंडून का निघावी? पण तपासायच्या संख्या अजून हजारोंनी पडल्या होत्या. एका आठवड्यात त्या संपणं शक्य नव्हतं.

वाट सापडली ती भर वर्गात. आठवीला ती आवर्ती दशांश शिकवत होती. एकाला सातनं भागलं की सहा आकडे पुन्हा पुन्हा येत राहतात. एकाला एकेचाळीसनं भागलं की पाच आकडे. फळ्यावर लिहिता लिहिता तिचा हात थांबला. सातातून एक काढला की सहा. एकेचाळीसातून एक काढला की चाळीस, त्याला पाचनं भाग जातो. सदतीसनं भागलं की तीन आकडे फिरतात, आणि तीन एकांना सदतीसनं भागही जातो. सदतीसातून एक काढला की छत्तीस, त्याला तीननं भाग जातो. मग माझ्यासारख्या अकरा एकांना जी अविभाज्य संख्या भागेल, तिनं एकाला भागलं तर अकरा आकडे फिरले पाहिजेत. म्हणजे तिच्यातून एक काढला की उरलेल्याला अकरानं भाग जायलाच हवा. आणि ती विषम असणार, म्हणून बाविसानंही!

"मॅडम, पुढे?" मुली विचारत होत्या. मॅडमचं लक्षच नव्हतं. हजारो संख्यांचा ढीग एकदम ओंजळीत मावेल एवढा झाला होता. मी तर थिजूनच गेले. माझ्या अंगाला असा काही नियम चिकटलेला आहे, हे मला कोणी कधी सांगितलं नव्हतं!

रविवारी सकाळी घरामागच्या शहाबादी फरशीवर ती खडू घेऊन बसली. आठवडाभर तिनं बरीच मजल मारली होती. कुंदन जेवणानंतर येणार होता. एक संख्या झाली, बाकी उरली. दुसरी झाली, बाकी उरली. मग तिनं लिहिलं, एकवीस हजार सहाशे एकोणपन्नास.

ती माझ्या अंगाला लागली आणि मला काहीतरी वेगळं वाटलं. भागाकार पुढे सरकत होता. पाच, एक, तीन. प्रत्येक वेळी वजाबाकी नेमकी बसत होती. दोन, तीन, नऊ. आणि खाली काहीच उरलं नाही. बाकी शून्य.

मी किंचाळले असते. मी अविभाज्य नव्हते! इतकी वर्षं मान ताठ करून फिरले, बाजारभर माझं नाव झालं, आणि माझ्या पोटात दोघी जणी मुकाट्यानं बसल्या होत्या: एकवीस हजार सहाशे एकोणपन्नास आणि पाच लाख तेरा हजार दोनशे एकोणचाळीस. त्या मात्र दोघीही अस्सल, त्यांना कशानंच भाग जात नाही. माझ्या लेकी म्हणू की माझ्या आया, मला कळेना. आनंद व्हायला हवा होता बहुतेक. मला नुसती लाज वाटली.

शुभांगीनं गुणाकार करून पुन्हा पडताळलं. उलटं, सुलटं. मीच आले. मग हात धुऊन पोह्यांचे कांदे चिरायला गेली.

दुपारी कुंदन आला. सोबत कुसाबाई, आणि या वेळी शेजारचेही दोन-चार जण, मजा बघायला. गोरक्ष दाराशी बसला होता. कुंदननं पाणी घेतलं आणि म्हणाला,

"तीन."

"काय तीन?" गोरक्षनं विचारलं.

"तुमच्या संख्येला तीननं भाग जातो. संगणकावर काढलं. अगदी पहिल्या फटक्यात."

कुसाबाईनं दोन्ही हात जोडून देव्हाऱ्याकडे बघितलं. "ऐकलं गं बाई देवीनं! वयनी, साखर आन." नवसाबाई जागची हलली नाही. आणि मी? मला तर भोवळच आली. सकाळी दोघी निघाल्या त्या काय कमी होत्या, आता ही तिसरी कुठून?

शुभांगी शांतपणे म्हणाली, "तीननं नाही जात. अंकांची बेरीज करा. अकरा येते. अकराला तीननं जातो का?"

"संगणक चुकत नाही हो," कुंदन हसला.

"चुकला नसेल. त्याला ही संख्या मावली नसेल. मावली तेवढी त्यानं ठेवली असेल आणि बाकीची टाकून दिली असेल. मग उरलेल्या कुठल्यातरी दुसऱ्याच संख्येला तीननं गेला असेल."

कुंदनचं हसू मावळलं. मुलगा खरंच हुशार होता, कारण त्याला लगेच कळलं. त्यानं तोंडातल्या तोंडात काहीतरी मोजलं आणि मान खाली घातली. भरल्या खोलीत, त्याच्या यंत्रात माझं काय झालं ते आम्हा तिघांनाच समजलं. माझं डोकं छाटून, उरलेल्या धडाला तो तीनचा पाढा म्हणत बसला होता. असला अपमान कॅल्क्युलेटरवाल्यानंही केला नव्हता!

शेजारी हसायला लागले. गोरक्षच्या चेहऱ्यावर उजेड आला. सगळं मिटलं होतं. शुभांगीनं आता फक्त गप्प बसायचं होतं. शाळा टिकली असती, शपथ टिकली असती, माझी अब्रूही टिकली असती. मी तिच्याकडे बघत होते. बाई गं, म्हणत होते, पोह्यांच्या बशा उचल आणि आत जा.

"पण भाग जातो," शुभांगी म्हणाली.

कुंदननं मान वर केली.

"एकवीस हजार सहाशे एकोणपन्नासनं जातो. मागे फरशीवर लिहिलंय, बघा जाऊन. मी चुकले होते. आज सकाळी मला सापडलं."

"का सांगितलंस?" असं मी ओरडले, पण संख्येचं ओरडणं कोणाला ऐकू येतं? कुसाबाई मात्र लगेच सावरली. "म्हंजी भाग गेला! शपथ फिटली! मग आता हाच मुलगा, आजच सुपारी फोडू. देवीपुढचा शबुद हाय."

"थांब, कुसे," गोरक्ष म्हणाला. तो कधी बहिणीपुढे बोलायचा नाही. "शबुद काय व्हता, ते नीट आठव. जो कोनी भागणारी संख्या दाखवील, तो म्हनंल तिथं. दाखवली कोनी? या पाहुण्यांनी तीन दाखवला, तो चुकला. दाखवली माझ्या पोरीनं. मग ती म्हनंल तिथं ती उभी ऱ्हाईल. देवीपुढचा शबुद हाय, मी नाय मोडायचो."

कुंदन उठला, गोरक्षला नमस्कार केला आणि जाताना शुभांगीला म्हणाला, "तुम्ही नसतं सांगितलं तर मी परत पुण्याला जाऊन काढलंच असतं." ते खरंच होतं. त्यात राग नव्हता, आणि तो गेला.

घर रिकामं झालं तेव्हा नवसाबाई लेकीजवळ येऊन बसली. "मग सांग आता. कुठं उभी ऱ्हाती लग्नाला?"

मला वाटलं, शुभांगी आता काहीतरी झणझणीत बोलेल. इतक्या वर्षांनी शब्द तिच्या हातात आला होता. पण ती आईच्या खांद्यावर डोकं टेकून रडायला लागली.

"मला माहीत नाही गं आई. खरंच माहीत नाही. बाकी उरली की मला वाटायचं, चला, अजून थोडे दिवस कोणी विचारणार नाही. भाग कधी जाऊच नये असं वाटायचं, संख्येसाठी नाही, माझ्यासाठी. आज शून्य आलं तेव्हा मला एवढी भीती वाटली, कुंदनची नाही, याचीच. की आता मला विचारतील, तुला काय हवंय. आणि मला ते कोणी कधी विचारलंच नव्हतं. मी तरी कुठे विचारलं?"

मी हबकले. मला वाटत होतं, मी तिची ढाल, तिचा अभिमान, तिची मैत्रीण. आणि ती इतकी वर्षं माझ्या आड नुसती लपून बसली होती! मला भागत होती ती मला ओळखण्यासाठी नव्हेच. त्या दिवशी सकाळी मी फुटले त्याचं मला जेवढं वाईट वाटलं नाही, तेवढं या गोष्टीचं वाटलं. पण तिचं रडणं ऐकून मला माझं दुःख पुढे करवेना.

"नाय माहीत तर नाय," नवसाबाई म्हणाली. "कळंल तवा सांग. कोनी मागं नाय लागलं." आणि ती खरंच मागे लागली नाही. स्थळं आली की दारातच म्हणायची, "पोरगी सांगंल तवा." कुसाबाई रागानं बरीच वर्षं त्या दारात फिरकली नाही. शुभांगी शाळेत शिकवत राहिली. पुढे एम.एस्सी. केलं, गडावर जाऊन देवीची माफी मागून आली. फरशीवरची मी कधीच वाहून गेले होते. मला आता ती क्वचितच लिहायची, तेही वर्गात, मुलींना गंमत म्हणून.

आणि मग २००४ च्या उन्हाळ्यात तिनं एका संध्याकाळी वाफ्यांना पाणी देता देता बापाला सांगितलं, "दादा, मला कळलं." मुलगा नाशिक रोडलाच टपाल कार्यालयात, स्वराज नाव. बसथांब्यावर ओळख झालेली. गोरक्षनं एकच विचारलं, "त्यानं तुला काय विचारलं पहिल्यांदा?" शुभांगी म्हणाली, "बस गेली का, असं."

लग्न मखमलाबादलाच झालं, घरच्या फुलांच्या मांडवात. कुसाबाईसुद्धा आली, डोळे पुसत. जेवणं सुरू व्हायच्या आधी बायकांनी नवरीला घेरलं. नाव घे, नाव घे! मी तयारच होते. मला पक्कं ठाऊक होतं, आज माझा दिवस. उखाण्यात ती मलाच घालणार. इतकी वर्षं माझ्यासाठी, माझ्यामुळे, माझ्याआड काढली तिनं. कशाशी यमक जुळवील, अब्जाशी की लाखाशी, हेच मी बघत होते. मी अकराच्या अकरा एक सरळ करून उभी राहिले.

शुभांगीनं पदर सावरला, हसली आणि म्हणाली,

"शेवंतीच्या वाफ्याला पाणी सोडलं भराभरा,
स्वराजरावांचं नाव घेते, आता जेवायला वाढा जरा!"

हशा पिकला. स्वराज लाजला. नवसाबाई हसता हसता वाकली. आणि मी तशीच उभी. नाव नाही, उल्लेख नाही, एक अंकसुद्धा नाही! मी मांडवभर पाहिलं. तिथे बसलेल्या अर्ध्या लोकांनी मला कधी ना कधी भागलं होतं. एकालाही माझी आठवण आली नाही. शुभांगीला तर मुळीच नाही. ती कोणाच्या तरी पानात जिलेबी वाढत होती आणि तिच्या डोळ्यांत कसला हिशेब नव्हता. असा धक्का मला आधी कधीच बसला नव्हता, आणि असा चांगला धक्काही कधी बसला नव्हता.

तेव्हापासून मी पुन्हा माझ्या जागी आहे. माझ्या आतल्या दोघींशी आता माझं बरं जमतं. कोणी लिहीलच मला, तर आधी पेन काढून भागून बघावं, आणि मग काय ते बोलावं, एवढीच माझी विनंती. पाटावर बसवलेल्या मुलीवर मला फेकू नये. आणि तुम्ही कधी नाशिकला गेलात, नाशिक रोडच्या बसमध्ये गणिताच्या मॅडम शेजारी बसलेल्या दिसल्या, तर त्यांच्यापाशी माझं नाव काढू नका. जेवलात का, एवढं विचारा.